मॉनिटर घ्यायला निघण्याआधी दादासाहेब फाळके यांची खरेदी बघा

स्वारगेटहून मेट्रोत बसलं की पुढचंच स्टेशन मंडई. नवा मॉनिटर घ्यायचा म्हणून इथे उतरून बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांकडे निघालेली पोरं नेहमी दिसतात. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये पाच-सहा मॉडेल्सची तुलना आणि डोक्यात प्रश्नांची रांग. फोर-के घ्यायचा की १४४०पी? २७ इंच की ३२? १४४ हर्ट्झ खरंच लागतात का?

याच मंडईजवळ एक वाहनतळ आहे. जुने पुणेकर त्याला अजूनही 'आर्यन' म्हणतात. १९१५ साली या जागी पुण्याचं पहिलं कायमस्वरूपी चित्रपटगृह सुरू झालं, त्याचं हे नाव. दोन वर्षांनी तिथे एक चित्रपट लागला आणि तिकीट न मिळालेल्या गर्दीने थिएटरचं दार मोडायचंच काय ते बाकी ठेवलं. चित्रपट होता 'लंका दहन' आणि तो काढणारे होते धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब फाळके.

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांचं आयुष्य तंत्राच्या बाजूने पाहिलं, तर वेगळीच गंमत दिसते. मॉनिटरच्या खोक्यावर जे आकडे छापलेले असतात, त्यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीशी हा माणूस झुंजला होता. ठिपके किती बारीक हवेत, तीन रंगांतून सगळे रंग कसे काढायचे, सेकंदाला किती चित्रं लागतात, डोळ्यांना किती सोसवतं. आणि हे सगळं कर्ज काढून, चुकलं तर संसार उघड्यावर येईल अशा परिस्थितीत. म्हणून मॉनिटर निवडायच्या आधी त्यांची गोष्ट वाचून जा. पैसे वाचतील.

त्र्यंबकेश्वरचा मुलगा, बडोद्याची प्रयोगशाळा

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. पुढे वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजमध्ये शिकवायची नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईला आलं. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले आणि तिथून बडोद्याच्या कलाभवनात.

कलाभवन ही त्यांच्यासाठी आजच्या भाषेत मेकरस्पेस ठरली. तैलरंग आणि जलरंग तर ते शिकलेच, पण त्याच काळात, १८९० च्या सुमारास, स्वतःचा कॅमेरा घेऊन फोटो काढणं, धुणं, छापणं हे सगळं त्यांनी हाताने करून पाहिलं. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांच्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीला सुवर्णपदक मिळालं. पुढे हाफटोन ब्लॉक, फोटोलिथो असे छपाईचे प्रकार त्यांनी आत्मसात केले. एक गोष्ट पूर्ण समजली की त्याच्या शेजारची गोष्ट उघडून बघायची, हा त्यांचा स्वभाव.

पण हुशारीने पोट भरत नाही, हेही त्यांना लवकर कळलं. गोध्र्यात त्यांनी फोटोग्राफीचा धंदा सुरू केला. तिथे प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघांनाही नेलं. बडोद्याला परत येऊन पुन्हा स्टुडिओ टाकला, तर फोटो काढला की माणसाची शक्ती कॅमेरा ओढून घेतो अशी भीती लोकांच्या मनात. गिऱ्हाईक येईना. मग नाटकांचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोग शिकले. १९०२ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं. पत्नीचं नाव सरस्वती. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या तंत्रकथेत त्यांचा हात आहे.

लोणावळ्याचा छापखाना आणि ठिपक्यांचं गणित

१९०३ मध्ये फाळके पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून लागले. १९०६ मध्ये नोकरी सोडली आणि लोणावळ्यात भागीदारीत छापखाना काढला. जवळच मळवलीला राजा रविवर्म्याने काढलेला प्रेस होता. त्या प्रेससाठी ते फोटोलिथोचं काम करायचे. पुढे हाफटोन आणि तीन रंगांची छपाई सुरू झाली आणि छापखाना मुंबईत दादरला हलला.

हाफटोन म्हणजे काय? छपाईच्या शाईला फिकट-गडद कळत नाही. शाई लागते किंवा लागत नाही. मग फोटोतला राखाडी रंग छापायचा कसा? उभ्या-आडव्या बारीक रेघा असलेली काच मध्ये धरून फोटोचा फोटो काढायचा. चित्र ठिपक्यांत फुटतं. गडद भागात मोठे ठिपके, फिकट भागात लहान. लांबून पाहिलं की डोळा ते ठिपके जोडून घेतो.

आता मॉनिटरकडे या. पिक्सेल म्हणजे हाच ठिपका, फक्त उजेडाचा. छापखान्यात ठिपका किती बारीक ठेवायचा हे दोन गोष्टींवर ठरतं: कागद कसा आहे आणि वाचणारा किती अंतरावरून बघणार आहे. वर्तमानपत्राला इंचाला ८५ रेघा पुरतात, चांगल्या कागदाच्या मासिकाला १३३ ते १५० लागतात. भिंतीवरच्या मोठ्या जाहिरातीचे ठिपके जवळून पाहिले तर वाटाण्याएवढे दिसतील, पण रस्त्यावरून चित्र व्यवस्थित दिसतं.

म्हणून मॉनिटर निवडताना नुसतं रिझोल्यूशन बघून काही कळत नाही. बघायचं ते इंचाला किती पिक्सेल आहेत ते, म्हणजे पीपीआय. हिशेब असा:

२४ इंच, १०८०पी: सुमारे ९२ पीपीआय
२७ इंच, १४४०पी: सुमारे १०९ पीपीआय
३२ इंच, फोर-के: सुमारे १३८ पीपीआय
२७ इंच, फोर-के: सुमारे १६३ पीपीआय

चांगल्या नजरेला साधारण एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखता येतो. टेबलावरचा मॉनिटर आपण दोन फुटांवरून, म्हणजे ६० सेंटिमीटरवरून बघतो. गणित केलं की उत्तर येतं सुमारे १४५ पीपीआय. त्याच्या आसपास गेलात की पिक्सेल वेगळा दिसेनासा होतो. मोबाइल आपण एक फुटावर धरतो, म्हणून त्याला दुप्पट घनता लागते. मोबाइलचे ४०० पीपीआय बघून मॉनिटरला नावं ठेवायचं कारण नाही.

मजकुराचं काम करणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्यावं. दिवसभर कोड वाचायचा असेल किंवा मराठी टाइप करायचं असेल तर घनता कामी येते. रफार, वेलांटी, जोडाक्षरं ९२ पीपीआयवर एकमेकांत मिसळतात, १६३ वर सुटी दिसतात. २७ इंची फोर-के मॉनिटरवर विंडोजचं स्केलिंग १५० टक्के ठेवलं तर स्क्रीनवर जागा १४४०पी एवढीच मिळते, पण प्रत्येक अक्षर जास्त ठिपक्यांनी काढलं जातं. एकूण पैसे कशाचे मोजतोय हे यातून कळेल: जागेचे की स्पष्टतेचे. दोन्ही हवं असेल तर ३२ इंच.

जर्मनीची वारी आणि तीन रंग

१९०९ मध्ये फाळके रंगीत छपाईची यंत्रं आणि तंत्र आणायला जर्मनीला गेले. तीन रंगांच्या छपाईत एकाच चित्राच्या तीन प्लेटा करतात आणि तिन्ही एकावर एक बरोबर बसवतात. एक प्लेट केसभर सरकली की चेहऱ्याच्या कडेला रंगाची झालर दिसते. प्लेट बरोबर बसली पण शाईचं प्रमाण चुकलं, तर माणसाचा चेहरा तांब्याच्या भांड्यासारखा.

मॉनिटरवरही तीनच रंग असतात: लाल, हिरवा, निळा. ठिपके कितीही बारीक असोत, रंगांचं प्रमाण चुकलेलं असेल तर चित्र चुकलेलंच. फोटो एडिटिंग किंवा डिझाइन करणाऱ्यांनी खोक्यावर 'एसआरजीबी'ची टक्केवारी बघावी आणि मॉनिटर कारखान्यातून कॅलिब्रेट होऊन येतो का ते विचारावं. पॅनेलचे मुख्य प्रकार तीन. आयपीएसचे रंग तिरकं बघितलं तरी फारसे बदलत नाहीत, म्हणून कामाला बरा. व्हीएचा काळा रंग जास्त गडद, पण बऱ्याच व्हीए मॉनिटरवर वेगवान दृश्यात गडद भागात सावली ओढल्यासारखी दिसते. ओलेडमध्ये काळा म्हणजे पूर्ण काळा आणि वेगही उत्तम. मात्र तोच टास्कबार आणि तीच कोडची खिडकी रोज आठ तास उघडी ठेवणाऱ्याला ओलेडवर ठसा उमटण्याचा धोका असतो. गेमिंग जास्त आणि ऑफिस कमी असेल तर ओलेड, उलट असेल तर आयपीएस.

छापखाना नावारूपाला आला होता. पण भागीदाराशी मतभेद झाले आणि फाळके तिथून रिकाम्या हाताने बाहेर पडले. वय चाळिशीचं. हातात कला सगळ्या, पैसा नाही.

गिरगावचा तंबू आणि डोळ्यांची किंमत

१४ एप्रिल १९११ ला ते मुलाला घेऊन गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये प्राण्यांवरचा एक चित्रपट बघायला गेले. दुसऱ्या दिवशी पत्नीलाही घेऊन गेले. ईस्टरचे दिवस, त्यामुळे त्या दिवशी येशूच्या आयुष्यावरचा चित्रपट होता. पडद्यावर येशू बघताना त्यांच्या मनात राम आणि कृष्ण उभे राहिले आणि हे आपण करायचं, असं ठरलं.

मग त्यांनी अभ्यास सुरू केला. रोज चार-पाच तास चित्रपट बघणं, घरी येऊन स्वस्तातल्या प्रोजेक्टरवर आणि पुस्तकांवर डोळे लावणं, झोप जेमतेम. काही महिन्यांत डोळ्यांनी दगा दिला. दिसेनासंच झालं. डॉ. प्रभाकर यांनी उपचार केले आणि तीन-चार वेगवेगळे चष्मे देऊन त्यांची दृष्टी परत आणली. तेव्हा याला मोतीबिंदू म्हटलं गेलं. आजचे डॉक्टर स्क्रीनमुळे मोतीबिंदू होतो असं म्हणत नाहीत, पण डोळे थकतात, कोरडे पडतात, डोकं दुखतं हे आपण सगळेच अनुभवतो.

मॉनिटरच्या बजेटमध्ये डोळ्यांचा हिस्सा धराच. फ्लिकर-फ्री बॅकलाइट, चकाकी न मारणारा मॅट पडदा आणि उंची वर-खाली होणारा स्टँड, या तीन गोष्टी जाहिरातीत मागच्या रांगेत असतात. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली हवी. स्टँड हलत नसेल तर मागे व्हेसा माउंटची भोकं आहेत का बघा, म्हणजे नंतर आर्म लावता येईल. आणि खोलीतला उजेड बंद करून पूर्ण ब्राइटनेसवर रात्रभर खेळू नका. फाळके यांचे डोळे परत आले, ते नशीब आणि डॉक्टर दोन्ही चांगले म्हणून.

लंडनची खरेदी: दहा हजारांत काय काय

आता खरी गोष्ट. फाळके यांनी आपल्या सुमारे बारा हजारांच्या विमा पॉलिसी गहाण ठेवल्या आणि दहा हजार रुपये कर्ज उभं केलं. १ फेब्रुवारी १९१२ ला ते बोटीने लंडनला निघाले. घरी सरस्वतीबाई आणि मुलं. हे पैसे बुडाले असते तर मागे काहीच नव्हतं.

लंडनला पोहोचल्यावर ते आधी कुठे गेले? 'बायोस्कोप' या चित्रपट साप्ताहिकाच्या कचेरीत. ओळख ना पाळख, पाटी दिसली म्हणून आत शिरले. संपादक केबर्न यांनी सुरुवातीला त्यांना धोक्याचीच सूचना दिली, कारण इंग्लंडमध्येही या धंद्यात बुडालेले लोक पुष्कळ होते. पण समोरच्या माणसाची तयारी बघून त्यांनी निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी आपला सगळा स्टुडिओ त्यांना फिरवून दाखवला. कॅमेऱ्यापासून प्रिंटपर्यंत प्रत्येक टप्पा त्यांनी डोळ्यांनी बघितला आणि मगच खरेदी केली.

घेतलं काय? पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा. तेव्हा एका पौंडाला पंधरा रुपये पडत, म्हणजे हा कॅमेरा साडेसातशे रुपयांचा. दहा हजारांच्या कर्जातला दहावा हिस्सासुद्धा नाही! बाकीचा पैसा प्रवास, कोडॅकची कच्ची फिल्म, फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्र आणि इतर साहित्य यांच्यासाठी होता. कारण फिल्म तेव्हा छिद्रांशिवाय यायची. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला एका फुटाला एका बाजूने ६४ छिद्रं. ती अंधारात पाडायची. छिद्र इकडचं तिकडे झालं की पडद्यावर चित्र उड्या मारणार, मग कॅमेरा कितीही भारी असो.

मला वाटतं, मॉनिटर घेणाऱ्याने फाळके यांच्याकडून एकच गोष्ट उचलायची असेल तर ती ही. चित्र साखळीतून तयार होतं आणि सगळ्यात कच्च्या कडीएवढंच चांगलं दिसतं. आपली साखळी बघा:

ग्राफिक्स कार्ड: १०८०पीमध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पीमध्ये ३६.९ लाख, फोर-केमध्ये ८२.९ लाख. म्हणजे फोर-केला १०८०पीच्या चौपट काम. मध्यम कार्डावर १४४०पी सुखाने चालतं, फोर-केवर तेच कार्ड धापा टाकतं.

पोर्ट आणि केबल: फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायला नुसत्या पिक्सेलसाठीच सुमारे १२ गिगाबिट लागतात, १४४ वेळा पाठवायला सुमारे २९. एचडीएमआय १.४ चा जुना लॅपटॉप असेल तर फोर-के फक्त ३० हर्ट्झवर मिळेल आणि माउस हलवतानाच चिडचिड होईल. एचडीएमआय २.० वर फोर-के ६० हर्ट्झ. त्यापुढे जायचं तर डिस्प्लेपोर्ट १.४ किंवा एचडीएमआय २.१. लॅपटॉपवाल्यांनी यूएसबी-सीमधून चित्र आणि चार्जिंग दोन्ही जातं का ते तपासावं.

पॅनेल: 'फोर-के सपोर्ट' आणि 'फोर-के नेटिव्ह' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात मॉनिटर फोर-के सिग्नल घेतो, पण दाखवतो कमी पिक्सेलमध्ये. नेटिव्ह रिझोल्यूशन किती, हे स्पष्ट विचारा.

पन्नास हजारांचं बजेट असेल आणि त्यातले पंचेचाळीस मॉनिटरवर घालून जुन्याच कार्डाला जोडणार असाल, तर भारी कॅमेरा आणून छिद्रं वाकडी पाडल्यासारखं होईल.

वाटाण्याचं रोप आणि सेकंदाची चित्रं

१ एप्रिल १९१२ ला फाळके परतले. मे महिन्यात सामान आलं. नकाशा बघून त्यांनी ते चार दिवसांत जोडलं. पण सावकार मोठ्या चित्रपटासाठी पैसे द्यायला तयार होईनात. मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत राहिले. दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल चढते, हे सगळं पडद्यावर काही क्षणांत घडताना लोकांनी बघितलं. हा 'अंकुराची वाढ' नावाचा छोटा चित्रपट म्हणजे टाइम-लॅप्स आणि त्यांचा डेमो. तो बघून कर्ज मिळालं.

सेकंदाला किती चौकटी दाखवल्या की हालचाल जिवंत वाटते, हा प्रश्न त्यांना रोजचा होता. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत आणि वेग साधारण सेकंदाला १६ चौकटी असे. एक फूट फिल्ममध्ये १६ चौकटी, म्हणजे एक फूट एक सेकंद. पण सेकंदाला १६ वेळा उजेड लागला-विझला तर डोळ्यांना लुकलुक जाणवते. म्हणून प्रोजेक्टरला तीन पात्यांचं झडप लावत. प्रत्येक चौकट तीनदा दिसायची. चित्रं १६, पण उजेडाचे झोत ४८.

फ्रेम रेट आणि रिफ्रेश रेट यांच्यातला फरक नेमका हाच. गेम तुमच्या कार्डाकडून सेकंदाला किती चित्रं काढून घेतो तो फ्रेम रेट. मॉनिटर सेकंदाला किती वेळा पडदा नवा करतो तो रिफ्रेश रेट. ६० हर्ट्झवर चित्र १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १४४ वर ६.९ मिलिसेकंदांनी. कार्ड ६० चित्रंच देत असेल तर १४४ हर्ट्झ मॉनिटर तीच चित्रं पुन्हा दाखवत बसेल. शूटर गेम खेळणाऱ्याला १४४ चा फरक हाताला जाणवतो. गोष्टीवाले, निवांत गेम खेळणाऱ्याला ६० पासून ७५ पुरतात.

हाताने फिरवायच्या काळात कॅमेरावाल्याचा वेग एक आणि प्रोजेक्टरवाल्याचा दुसरा असेल, तर पडद्यावरची माणसं पळत सुटायची. गेममध्ये कार्ड आणि मॉनिटरचा ताल चुकला की चित्र मधोमध फाटतं. फ्रीसिंक किंवा जी-सिंक असलेला मॉनिटर कार्डाच्या तालाने आपला वेग बदलतो. गेमिंगसाठी घेताय तर हे असलंच पाहिजे.

दादरचं घर, म्हणजेच स्टुडिओ

'राजा हरिश्चंद्र' सहा महिने सत्तावीस दिवसांत तयार झाला. ३,७०० फूट, चार रिळं. १६ चौकटींच्या हिशेबाने सुमारे ५९ हजार चित्रं. २१ एप्रिल १९१३ ला ऑलिंपिया थिएटरमध्ये निवडक लोकांना दाखवला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. बाया मिळेनात म्हणून तारामतीचं काम साळुंके या तरुणाने केलं, जो आधी हॉटेलात स्वयंपाकी होता.

यामागे सरस्वतीबाईंचे कष्ट किती, याचा हिशेब फुटांत मांडता येत नाही. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायचा. चित्रीकरणात उजेड परतवायला उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभं राहायचं. रात्री फिल्मला छिद्रं पाडायची, रसायनं कालवायची. फिल्म कंपनीचं अर्धं तंत्रज्ञान त्यांच्या हातात होतं. फाळके एकट्याने काही करू शकले नसते.

'लंका दहन' १९१७ मध्ये आला. राम आणि सीता, दोन्ही भूमिका साळुंके यांच्याच. मुंबईत सकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ लावावे लागले. तिकिटांची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने नेली गेली. आणि पुण्यात आर्यनच्या दाराचं काय झालं ते वर सांगितलंच.

खर्च, भागीदार आणि आवाज

१९१८ मध्ये श्रीमंत भागीदारांबरोबर नाशिकला हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. 'श्रीकृष्ण जन्म' आणि 'कालिया मर्दन' गाजले. 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली होती त्यांची मुलगी मंदाकिनी. पण भागीदारांना खर्च आटोक्यात हवा होता आणि फाळके यांना चित्र मनासारखं. हा वाद मिटला नाही. ते सगळं सोडून काशीला गेले, तिथे 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं, पुन्हा कंपनीत आले, पुन्हा बाहेर पडले.

मग १९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि पडदा बोलायला लागला. पुढच्याच वर्षी प्रभातने हरिश्चंद्राचीच कथा 'अयोध्येचा राजा' म्हणून मराठीत बोलकी केली. फाळके यांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार झाला होता, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव पूर्ण बोलपट आणि शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला त्यांचं निधन झालं. तेव्हा चित्रपटसृष्टी त्यांना जवळजवळ विसरली होती. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला.

ज्या माणसाने प्रत्येक तंत्र मुळापासून शिकून घेतलं, त्यालाही पुढच्या तंत्राने मागे टाकलं. तेव्हा 'दहा वर्षं बघायला नको' असा मॉनिटर शोधण्यात अर्थ नाही. एट-के येईल, आणखी काही येईल. आजचं काम आणि आजचे गेम ज्यावर नीट चालतील, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत कार्ड बदललं तरी उपयोगी पडेल, एवढंच बघा. फाळके यांचा पन्नास पौंडांचा कॅमेरा त्या वर्षीचा सगळ्यात महाग नसेलही, पण त्याने वाटाणाही टिपला आणि हरिश्चंद्रही.

शेवटी काय घ्यायचं?

काम मुख्यतः वाचन-लेखन-कोडचं आणि गेम अधूनमधून: २७ इंच फोर-के, आयपीएस, ६० हर्ट्झ. गेम खेळताना रिझोल्यूशन १०८०पी केलंत तरी दोन्ही बाजूंनी बरोबर दुपटीचा हिशेब बसतो.

काम आणि गेमिंग निम्मं-निम्मं, कार्ड मध्यम: २७ इंच १४४०पी, आयपीएस, १४४ हर्ट्झच्या पुढे, फ्रीसिंकसह. बहुतेकांसाठी हाच मधला रस्ता.

कार्ड तगडं किंवा नवा कन्सोल: २७ किंवा ३२ इंच फोर-के, १२० हर्ट्झच्या पुढे, एचडीएमआय २.१ सह.

बजेट अगदी कमी: २४ इंच १०८०पी, आयपीएस. उरलेल्या पैशांत चांगली खुर्ची किंवा मॉनिटर आर्म. यात कमीपणा काही नाही.

आणि फाळके यांच्यासारखा आपला वाटाणा आधी पेरून बघा. दुकानातला चमकदार डेमो व्हिडिओ प्रत्येक मॉनिटरवर छान दिसतो. तुमची स्वतःची कोडची फाइल, एक मराठी पान, एक अंधारा गेम आणि घरातला एक फोटो पेनड्राइव्हवर न्या किंवा मॉनिटर घरी आल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत तपासा. पूर्ण काळ्या आणि पूर्ण पांढऱ्या पडद्यावर मेलेला पिक्सेल आहे का बघा.

मॉनिटर लागला की त्यावर 'कालिया मर्दन' नक्की बघा, त्याचा बराच भाग इंटरनेटवर सापडतो. फाळके यांचे बहुतेक चित्रपट काळाच्या ओघात नष्ट झाले. जे थोडं उरलंय ते पुण्यातच, लॉ कॉलेज रोडवरच्या १९६४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपलं. फोर-के पडद्यावरही ते चित्र थरथरतं, त्यावर ओरखडे दिसतात. मॉनिटर त्यात नवे तपशील घालू शकत नाही. पण त्या थरथरणाऱ्या प्रत्येक चौकटीच्या कडेला कोणीतरी अंधारात बसून पाडलेली छिद्रं आहेत, हे माहीत असलं की बघायला वेगळीच मजा येते.